घरगुती संगणकावरील उड्डाण-अनुकरण : छंदाचा प्रारंभ व प्रतिमानाचा पडताळा

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९७५ मध्ये ब्रूस आर्टविक या विद्यार्थ्याने पदव्युत्तर पदवीसाठी एक प्रबंध सादर केला. उडत्या विमानातून दिसणारे, क्षणोक्षणी पालटणारे दृश्य संगणकाच्या साहाय्याने पडद्यावर कसे रेखाटता येईल, हा त्या प्रबंधाचा विषय होता. त्या काळी असे काम मोठ्या व महागड्या यंत्रांच्याच आवाक्यातील समजले जाई. आर्टविक यांनी पुढे सबलॉजिक ही कंपनी काढली. तिची पहिली उड्डाण-आज्ञावली १९७९-८० च्या सुमारास ॲपल-२ या घरगुती संगणकासाठी विक्रीस आली आणि नोव्हेंबर १९८२ मध्ये तिचे विकसित रूप मायक्रोसॉफ्ट कंपनीने आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाकरिता प्रसिद्ध केले. आज जगभर पसरलेल्या एका छंदाचे मूळ अशा रीतीने विद्यापीठातील एका प्रबंधात सापडते.

हा उगम केवळ कुतूहलाचा विषय नव्हे. घरगुती संगणकावर जे विमान उडते ते वस्तुतः गणिती प्रतिमान असते. पडद्यावरील डोंगर, ढग व धावपट्टी ही त्या प्रतिमानाने काढलेली उत्तरे दाखविण्याची सोय होय. नवशिका मात्र स्वाभाविकपणेच चित्राकडे पाहतो. चित्र जितके हुबेहूब तितके उड्डाण खरे, असा त्याचा समज होतो. या समजामुळे दोन प्रकारची हानी संभवते. एक तर पुष्कळ पैसा व वेळ अस्थानी खर्च होतो. दुसरे, प्रत्यक्ष विमानात जे कौशल्य उपयोगी पडणार नाही ते अंगी आल्याचा भ्रम निर्माण होतो. या छंदाचा प्रारंभ कोणत्या क्रमाने करावा, आणि पुढ्यातील प्रतिमान कितपत विश्वसनीय आहे याचा पडताळा स्वतःच कसा घ्यावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

१. पूर्वपीठिका

जमिनीवर राहून उड्डाण शिकविण्याची कल्पना संगणकाहून जुनी आहे. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे एडविन लिंक यांच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन तयार करण्याचा कारखाना होता. ऑर्गनमध्ये हवा भरणारे भाते व झडपा यांचाच उपयोग करून लिंक यांनी १९२९ च्या सुमारास एक लहानशी पेटी तयार केली. आत बसलेल्या शिकाऊ वैमानिकाने दांडा हलविला की भात्यांमुळे ती पेटी पुढे-मागे झुके, बाजूला कलंडे व स्वतःभोवती फिरे. प्रारंभी या यंत्राला करमणुकीच्या जत्रांतच गिऱ्हाईक मिळाले. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराच्या हवाई दलाकडे टपाल वाहून नेण्याचे काम आले; रात्रीच्या व धुक्यातील उड्डाणाची सवय नसल्याने थोड्याच काळात अनेक वैमानिक मृत्युमुखी पडले. त्यानंतर लष्कराने लिंक यांची सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात लक्षावधी वैमानिकांचे शिक्षण याच यंत्रांवर झाले.

या इतिहासातून ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, लिंक यांच्या पेटीत बाहेरचे दृश्य जवळजवळ नव्हतेच. असे असूनही ती उपयुक्त ठरली, याचे कारण तिने शिकवावयाची गोष्ट नेमकी निवडली होती : बाहेरचे काही दिसत नसताना उपकरणांवर विसंबून विमान सावरणे. अनुकरणाची योग्यता त्याच्या भव्यतेवर अवलंबून नसून, कोणत्या कार्यासाठी ते वापरावयाचे आहे यावर अवलंबून असते.

२. प्रतिमानाचे स्वरूप

उडत्या विमानावर चार प्रमुख बले कार्य करतात : वजन, पंखांमुळे निर्माण होणारे उत्थापक बल, इंजिनाचा रेटा व हवेची ओढ. उत्थापक बल हे हवेची घनता, वेगाचा वर्ग, पंखाचे क्षेत्रफळ व एक गुणक यांच्या गुणाकाराच्या निम्मे असते. हा गुणक मुख्यतः पंख समोरून येणाऱ्या हवेशी कोणता कोन करतो यावर ठरतो. कोन वाढविला की काही मर्यादेपर्यंत गुणक वाढतो. त्यापुढे पंखावरील हवेचा प्रवाह विस्कळीत होऊन तो एकाएकी घसरतो. वैमानिक ज्याला स्टॉल म्हणतात तो हाच. बलांवरून त्वरण, त्वरणावरून वेग आणि वेगावरून स्थान, ही गणना संगणक दर सेकंदास अनेक वेळा करतो.

ही बले कोठून आणावयाची, याबाबत प्रचलित आज्ञावल्यांत भिन्न पद्धती आढळतात. पहिल्या पद्धतीत वातबोगद्यातील वा प्रत्यक्ष उड्डाणातील मापनांवरून तयार केलेली गुणकांची कोष्टके वापरतात. फ्लाइटगियर या मुक्त आज्ञावलीतील जेएसबीसिम हे गणनायंत्र या पद्धतीचे आहे. फ्लाइटगियरचा आरंभ १९९६ मधील एका प्रस्तावातून झाला. ती विनामूल्य मिळते, आणि तिच्यातील विमानाची गुणक-कोष्टके साध्या मजकुराच्या स्वरूपात उघडून वाचता येतात. अभ्यासकाच्या दृष्टीने ही सोय मोलाची आहे. दुसऱ्या पद्धतीत पंख, शेपूट व पंखा यांचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येकावरील बल स्वतंत्रपणे काढतात व त्यांची बेरीज करतात. ऑस्टिन मेयर यांची १९९५ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेली एक्स-प्लेन ही आज्ञावली या तत्त्वावर उभी आहे. ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या व फ्रान्समधील असोबो संस्थेने सिद्ध केलेल्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्येही विमानाचा पृष्ठभाग अनेक भागांत विभागून गणना केली जाते. तिची पुढची आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली.

कोष्टकांची पद्धत मापन झालेल्या मर्यादेत अचूक असते, परंतु त्या मर्यादेबाहेर ती मौन पाळते वा अंदाज बांधते. तुकड्यांची पद्धत अपरिचित आकाराच्या विमानालाही लागू पडते, परंतु एका भागाचा दुसऱ्यावर होणारा परिणाम तीत वेगळा धरावा लागतो. कोणतीही पद्धत निरपवादपणे श्रेष्ठ नाही. म्हणूनच पडताळ्याची आवश्यकता उत्पन्न होते.

३. साधनांची निवड

प्रारंभी फार खर्च करण्याचे कारण नाही. फ्लाइटगियर बऱ्याच जुन्या संगणकावरही चालते. एक्स-प्लेनची चाचणी-आवृत्ती विनामूल्य मिळते. मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या आवृत्तीस किमान ८ गिगाबाइट स्मृती व डिस्कवर १५० गिगाबाइट जागा लागते. शिवाय भूप्रदेशाची चित्रे इंटरनेटवरून येत असल्याने जोडणी बरी असावी लागते.

कळफलकावरून विमान चालविणे मात्र टाळावे. कळ दाबलेली असते किंवा नसते. विमानाचा दांडा मात्र किंचित व सातत्याने हलवावयाचा असतो. म्हणून एक साधी जॉयस्टिक ही पहिली व पुष्कळ काळपर्यंत पुरेशी खरेदी होय. दांडा पिळताही येत असेल तर रडरचे कार्य त्यावरच भागते. पायाने चालविण्याची रडर-पेडल, योक, अनेक पडदे किंवा डोक्यावर चढवावयाचा आभासी दृश्याचा चष्मा ही पुढची पायरी आहे. कोणती उणीव भासते हे कळण्यापूर्वी घेतलेले साधन बहुधा अडगळीत पडते.

आणखी एक सूचना येथेच करणे योग्य होईल. बहुतेक आज्ञावल्यांत नवशिक्याच्या सोयीसाठी विमान आपोआप सावरून धरणारी साहाय्ये प्रारंभीच चालू ठेवलेली असतात. ती चालू असेपर्यंत विमानाचा मूळ स्वभाव दृष्टीस पडत नाही. अभ्यासाच्या हेतूने बसणाऱ्याने ती सर्व बंद करावी.

४. अभ्यासाचा क्रम

नवशिक्याचा पहिला मोह मोठे जेट विमान घेऊन दूरच्या प्रवासास निघण्याचा असतो. अशा विमानाचा बहुतेक प्रवास स्वयंचालक यंत्रणेने होतो, आणि शिकणारा केवळ बटने दाबण्याचा अनुक्रम पाठ करतो. त्याऐवजी सेसना १७२ हे चार आसनांचे, एका इंजिनाचे विमान निवडावे. १९५६ पासून उत्पादनात असलेल्या या विमानाच्या ४४,००० हून अधिक प्रती तयार झाल्या आहेत, आणि जगातील असंख्य वैमानिकांनी त्यावर धडे गिरविले आहेत. त्याची अधिकृत पुस्तिका सहज पाहावयास मिळत असल्याने प्रतिमानाची तुलना खऱ्या आकड्यांशी करता येते.

विमानतळही एकच असावा. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या आवृत्त्यांत उड्डाणाचा आरंभ शिकागोतील मेग्ज फील्ड या सरोवरकाठच्या लहान विमानतळावरून होत असे. एक संपूर्ण पिढी त्या धावपट्टीच्या खाणाखुणा ओळखू लागली. मार्च २००३ मध्ये ती धावपट्टी रातोरात उखडण्यात आली, आणि तेव्हापासून ती अशा आज्ञावल्यांतच शिल्लक आहे. एकाच जागेवरून वारंवार उडण्यात लाभ असा की, बदलले काय आणि तसेच राहिले काय हे स्पष्टपणे कळते.

पहिल्या टप्प्यात जमिनीपासून पुरेशा उंचीवर सरळ व समतल उड्डाण करावे. इंजिनाची शक्ती ठरवावी, दांडा हाती धरून विमान स्थिर करावे, मग ट्रिमचे चाक असे फिरवावे की दांडा सोडला तरी विमान आपली उंची राखील. नाक वर-खाली करून मुख्यतः वेग आणि शक्ती कमी-अधिक करून मुख्यतः चढ-उतार साधतो, हे या टप्प्यात हाताला उमगले पाहिजे. वेग आणि उंची यांचा हा संबंध न समजताच उतरण्याचा प्रयत्न करणे हे नवशिक्याच्या बहुतेक फसलेल्या अवतरणांचे कारण असते.

दुसरा टप्पा चौकोनी फेरीचा. सेसना १७२-एस या प्रकारात सुमारे ५५ नॉट वेगाला नाक उचलावे, ७४ नॉट वेगाने चढावे, डावीकडे दोन वळणे घेऊन जमिनीपासून १,००० फूट उंचीवर धावपट्टीला समांतर उलट दिशेने जावे. धावपट्टीचे टोक बाजूला आले की शक्ती कमी करून फ्लॅप टप्प्याटप्प्याने उघडावे, आणखी दोन वळणे घ्यावी आणि अखेरच्या मार्गावर सुमारे ६५ नॉट वेग राखून उतरावे. वर चढणे, वळणे, वेग बदलणे, उतार राखणे व स्पर्श करणे ही उड्डाणाची सर्व मूलभूत अंगे या काही मिनिटांच्या फेरीत येतात. वारा प्रथम शून्य ठेवावा, मग समोरून, आणि शेवटी बाजूने वाहता करावा.

हे साधल्यानंतरच उपकरणांवर आधारित उड्डाण व हवाई वाहतूक-नियंत्रणाशी संभाषण यांकडे वळावे. त्यासाठी आयव्हाओ (स्थापना १९९८) व व्हॅटसिम (स्थापना २००१) या जागतिक जाळ्यांवर स्वयंसेवक नियंत्रकाचे काम करतात. तेथील शिस्त प्रत्यक्षातील शिस्तीच्या जवळ जाणारी असल्याने अपुऱ्या तयारीने तेथे जाऊ नये.

५. तीन पडताळे

प्रतिमान कितपत खरे आहे हे ठरविण्यास वातबोगदा लागत नाही. एक घड्याळ, एक वही आणि यामिकीचे प्राथमिक ज्ञान एवढ्यावर पुढील तीन पडताळे घेता येतात.

पहिला वळणाचा. कललेल्या विमानाचा वळण्याचा कोनीय वेग हा गुरुत्वत्वरण व कलण्याच्या कोनाची स्पर्शज्या यांच्या गुणाकाराला खऱ्या वेगाने भागले असता मिळतो. विमानाचे वस्तुमान या सूत्रात येतच नाही. १०० नॉट, म्हणजे सेकंदास सुमारे ५१.४ मीटर, या वेगाने जाणारे विमान सुमारे १५ अंश कलविले तर ते सेकंदाला ३ अंश वळते व पूर्ण वर्तुळास २ मिनिटे घेते. तेच ३० अंश कलविले तर वर्तुळ सुमारे ५७ सेकंदांत पुरे झाले पाहिजे. कलणे वाढले की पंखांवरील भारही वाढतो : ६० अंशांना तो दुप्पट होतो आणि स्टॉलचा वेग दोनच्या वर्गमुळाच्या पटीने वाढतो. फ्लॅप न उघडता ४८ नॉटला स्टॉल होणारे विमान अशा वळणात ६८ नॉटलाच स्टॉल होते. कमी उंचीवरील तीव्र वळण घातक का ठरते, याचे उत्तर या एका आकड्यात आहे.

दुसरा पडताळा लाटेसारख्या गतीचा. समतल उडणाऱ्या विमानाचे नाक थोडे वर उचलून वेग दहाएक नॉटने घटवावा व दांडा सोडून द्यावा. विमान प्रथम चढते, मंदावते, मग नाक खाली घालून वेग घेते, आणि पुन्हा चढते. या संथ आंदोलनाचे विवेचन इंग्लंडमधील फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०८ मध्ये केले व त्यास फ्युगॉइड हे नाव दिले. नाव देताना त्यांची गंमत झाली. इंग्रजीत उड्डाण व पलायन या दोहोंना एकच शब्द असल्याने त्यांनी उचललेला ग्रीक शब्द निघाला पलायनाचा. हवेची ओढ दुर्लक्षिली आणि पंखाचा हवेशी होणारा कोन स्थिर मानला तर या आंदोलनाचा काल केवळ वेगावर अवलंबून राहतो : दोनचे वर्गमूळ, पाय हा स्थिरांक व वेग यांच्या गुणाकाराला गुरुत्वत्वरणाने भागले की तो मिळतो. १०० नॉटला तो सुमारे २३ सेकंद येतो आणि ८० नॉटला सुमारे १९. वेग महत्तम असल्याच्या दोन लागोपाठ क्षणांतील अंतर घड्याळाने मोजावे. सूत्र सरळीकृत असल्याने काही सेकंदांचा फरक अपेक्षितच आहे. परंतु वेगाबरोबर काल वाढला पाहिजे आणि आंदोलन हळूहळू शमले पाहिजे. आंदोलन मुळीच न दिसल्यास एखादे साहाय्य बंद करावयाचे राहून गेले आहे किंवा प्रतिमान कच्चे आहे, असे समजावे.

तिसरा पडताळा हवेच्या घनतेचा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून आणलेली टपाल मुंबईत जेथे उतरली, तो जुहूचा विमानतळ समुद्रसपाटीलगत आहे. पुण्याचा लोहगाव विमानतळ १,९४२ फूट उंचीवर आहे. आज्ञावलीतील हवामान हवे तसे ठेवता येते. जुहू येथे प्रमाण तापमान, म्हणजे १५ अंश सेल्सिअस, ठेवून उड्डाण करावे व धावपट्टीवरील धाव मोजावी. नंतर पुण्यास उन्हाळ्यातील ३५ अंश ठेवून तेच विमान, तेच वजन घेऊन उडावे. पुण्याच्या उंचीवर प्रमाण तापमान सुमारे ११ अंश असते. प्रत्यक्ष तापमान त्याहून २४ अंशांनी जास्त आहे, आणि प्रत्येक अंशामागे सुमारे १२० फूट धरले असता हवा जणू ४,८०० फूट उंचीवरची असावी इतकी विरळ ठरते. वेगदर्शक काटा दोन्ही ठिकाणी ५५ नॉटच दाखवील, परंतु पुण्यास खरा वेग सुमारे ७ टक्क्यांनी अधिक असेल. धाव वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने केवळ या कारणाने ती सुमारे १५ टक्क्यांनी वाढली पाहिजे. विरळ हवेत इंजिनाची शक्तीही घटत असल्याने प्रत्यक्ष वाढ याहून अधिक दिसावयास हवी. ती न दिसल्यास प्रतिमानात घनतेचा विचार नीट झालेला नाही.

६. जे घरी शिकता येत नाही

वरील पडताळ्यांत उत्तम उतरलेले प्रतिमानही काही गोष्टी शिकवू शकत नाही. त्यांची जाणीव प्रारंभीच असावी. विशेषतः पुढे प्रत्यक्ष उड्डाण-शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्याला तर ती अत्यावश्यक आहे.

पहिली गोष्ट हाताला जाणवणारा दाब. खऱ्या विमानात दांड्यावर हवेचा दाब असतो, वेग वाढला की तो वाढतो, आणि ट्रिमचे चाक फिरवावयाचे ते हा दाब नाहीसा करण्यासाठी. घरगुती जॉयस्टिकमध्ये स्प्रिंग असते. ती वेग कोणताही असो, दांड्याला सारख्याच जोराने मध्यावर खेचते. त्यामुळे ट्रिमचा जो अर्थ हाताला कळावयाचा तो डोळ्यांवाटे कळून घ्यावा लागतो.

दुसरी गोष्ट शरीराचा भ्रम. अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिकांना वळणाचा आरंभ जाणवतो, पण वळण एकसारखे चालू राहिले की ती जाणीव लोपते. ढगात शिरलेल्या वैमानिकाला म्हणूनच वळत असलेले विमान सरळ चालल्यासारखे वाटते, आणि ते खरोखर सरळ केले की उलट दिशेस वळल्याचा भास होतो. अशा वेळी शरीराची साक्ष झुगारून उपकरणांवर विश्वास ठेवणे, हेच उपकरणाधारित उड्डाणाचे मर्म आहे. घरी खुर्चीवर बसलेल्याच्या शरीराला असा भास होतच नाही. तेथे उपकरणाला प्रतिस्पर्धीच नसतो. उपकरणे वाचण्याची पद्धत घरी उत्तम शिकता येते. त्यांच्यावर विश्वास ठेवण्याची कसोटी मात्र लागत नाही. या एका बाबतीत लिंक यांची भात्यांवर डोलणारी पेटी आजच्या घरगुती संगणकाच्या पुढे होती.

तिसरी गोष्ट अवतरणाचा अंतिम क्षण. जमिनीलगत नाक हळूच उचलताना वैमानिक डोळ्यांच्या कडांनी दिसणाऱ्या भूमीवरून उंची अजमावतो. लहान पडद्यावर ही कड कापलेली असते. त्याची भरपाई म्हणून नवशिका उपकरणांकडे टक लावून पाहू लागतो, आणि स्वच्छ हवेत बाहेर पाहण्याऐवजी आत पाहण्याची ही सवय पुढे प्रत्यक्ष विमानात मोडावी लागते. याखेरीज, कोणत्याही क्षणी उड्डाण थांबवून ठेवणारे बटन घरी हाताशी असते. खरे विमान निर्णयासाठी थांबत नाही.

अनुकरणावरील शिक्षण प्रत्यक्षात कितपत उतरते, या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास झालेला आहे. इलिनॉय विद्यापीठातीलच स्टॅन्ली रॉस्को यांनी १९७१ मध्ये दाखविले की, अनुकरणावरील प्रत्येक तासाने प्रत्यक्ष उड्डाणातील जितका वेळ वाचतो तो क्रमाने घटत जातो. पहिले तास सर्वांत फलदायी, नंतरचे कमी. अमेरिकेच्या विमान-वाहतूक प्रशासनाने १९९७ मध्ये वैयक्तिक संगणकावर आधारलेल्या मान्यताप्राप्त साधनांवरील १० तासांपर्यंतचा सराव उपकरणाधारित उड्डाणाच्या पात्रतेसाठी ग्राह्य धरला. ही सवलत विशिष्ट कसोट्यांना उतरलेल्या साधनांपुरती व शिक्षकाच्या देखरेखीखालील सरावापुरती होती. घरातील छंदाचे तास वैमानिकाच्या परवान्यासाठी गणले जात नाहीत.

७. समारोप

घरगुती उड्डाण-अनुकरण हे विमानाची जागा घेणारे साधन नव्हे. कार्यपद्धती, उपकरणांचे वाचन, दिशाशोधन आणि उड्डाणामागील यामिकी यांच्या अभ्यासासाठी मात्र ते अत्यंत सोयीचे व अल्पखर्ची आहे. एकच कारण बदलून बाकी सर्व स्थिर ठेवण्याची जी मुभा प्रयोगशाळेत मिळते, ती येथे घरी बसल्या मिळते; उन्हाळ्यातील पुणे व हिवाळ्यातील पुणे एकाच संध्याकाळी तपासता येते.

छंदास आरंभ करणाऱ्याने म्हणून पहिल्या दिवसापासून जॉयस्टिकबरोबर एक वहीही ठेवावी. तारीख, विमान, वजन, वारा, तापमान, अपेक्षित आकडा व मिळालेला आकडा एवढ्या नोंदी पुरेत. दोन आकड्यांत तफावत पडेल तेथे चूक हाताची आहे की प्रतिमानाची, हे त्या नोंदींवरूनच ठरविता येईल. प्रारंभी ती बहुधा हाताची असते. सराव वाढत जातो तसतशी प्रतिमानाचीही चूक अधूनमधून सापडू लागते, आणि तेथून छंदाचे अभ्यासात रूपांतर होऊ लागते.